शिवगंगा लेडीज होस्टेलमधली मांजरं

ही घटना शंभर टक्के खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती होस्टेलची मालकीण राजकन्या आजही लातुरात राहते, आणि ती खोटं बोलत नाही.

एकदा बोलली होती. होस्टेलच्या पाटीवर ‘चोवीस तास पाणी’ असं रंगवून घेतलं तेव्हा. पण ते लातुरात खोटं धरत नाहीत.

साल २००६. मे महिना. वैद्यकीय सीईटीला चार दिवस उरलेले.

वेळ दुपारची. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी लातुरात मे महिन्यातली दुपार काढलेली नाही. तीनला लाइट जायची. पंखे थांबायचे. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

त्या काळात ज्याच्या घराला जिना होता त्याने होस्टेल काढलं होतं आणि ज्याच्या घराला नव्हता त्याने मेस. राजकन्याला मामांच्या पश्चात घर मिळालं, त्याला जिना होता. वर सात मुली, खाली हॉल, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. स्वयंपाकाला चतुराबाई. राजकन्याचं वय बत्तीस, पण अख्ख्या गल्लीची ती मावशी. लग्नाचं फारसं कुणी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांचं तिने ऐकून घेतलं आणि चहा दिला.

हॉलमध्ये काचेचं शोकेस होतं. त्यात मांजरं.

चिनी मातीची, काचेची, प्लॅस्टरची. क्रोशाचं एक टीव्हीवर. एक पेनस्टँड, एक गल्ला, फ्रिजवर चिकटवायची चार. डोळे डावी-उजवीकडे फिरवणारं भिंतीवरचं घड्याळ. स्टेथोस्कोप घातलेलं एक, ते एमबीबीएसला लागलेल्या पोरीचं. एका पालकांनी वाघ दिला होता. तोही मांजरातच बसवला होता.

झालं होतं असं, की पहिल्या वर्षीच्या एका मुलीला मावशीच्या कपाटात मातीचं एक छोटं पिल्लू दिसलं. तिने ठरवून टाकलं की मावशीला मांजरं आवडतात. निकालानंतर जाताना तिने एक दिलं. पुढच्या मुलींनी पाहिलं. मग तो रिवाजच झाला. नंबर लागो न लागो, होस्टेल सोडताना मावशीला मांजर द्यायचं. पेढे राहिले तरी चालेल.

राजकन्याला मांजरं आवडत नव्हती. हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. बरंच काही राहून गेलं होतं, त्यात हे एक.

पहिल्या दिवशी दुपारी मुली टेस्टला गेल्या होत्या. लाइट गेली. पंखा थांबला.

आणि मागच्या बाजूला आवाज आला…

टक्.

शहाबादी फरशीवर बशी अलगद ठेवावी, तसा.

राजकन्या अंगणात गेली. लिंबाखाली चिनी मातीचं एक मांजर बसलं होतं. शोकेसमधलं सगळ्यात लहान.

तिने चतुराबाईला उठवून विचारलं.

“म्या कशाला काढू?” चतुराबाई कूस न बदलता म्हणाली. “सात पोरींच्या चपात्या लाटून राहिले, आता मांजरं फिरवायला नेऊ का?”

राजकन्याने मांजर शोकेसमध्ये ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली…

टक्. थोड्या वेळाने, टक्. मग आणखी एक.

लिंबाखाली तीन. मागची दोन पहिल्यापेक्षा जराशी मोठी. शोकेसचं कुलूप तसंच. किल्ली कमरेला.

तिने एक उचललं. अंगण तापलेलं होतं, मांजरही तापलं होतं.

फक्त त्याची मान… ओली होती.

दुसऱ्याचीही. तिसऱ्याचीही. तेवढीच. मागच्या बाजूने, चिमटीएवढी.

नळ येऊन सहा दिवस झाले होते. टँकरचा पत्ता नव्हता. मांजर ओलं करायला पाणी होतं कुणाकडे?

राजकन्याने तिन्ही पदरात घेतली. ओली मान कशाने होते ते तिला माहीत होतं. मांजरी पिल्लू उचलते तेव्हा होते.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल.

राजकन्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. नकाशावर त्याचं नाव आता दोनदा आहे. एक जुनं, एक नवं. जुन्यात कुणी राहत नाही.

त्र्याण्णव सालच्या गणपतीत घरच्या मांजरीने कणगीमागे चार पिल्लं घातली होती. राजकन्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची. तिचा दिवस कणगीमागेच जायचा. गणपतीपुढे उंदीर आहे तर मांजर का नाही, म्हणून तिने काळ्या मातीचं एक पिल्लू करून मखरात ठेवलं. वडील हसले आणि राहू दिलं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून मांजरी पिल्लं बाहेर न्यायला लागली. एकेक मानेला धरून, लिंबाखाली. आई म्हणाली, नेऊ दे, मांजर सात घरं बदलतंच. पण धाकटी रडायला लागली. म्हणून राजकन्याने चारही पिल्लं ओढणीत घालून आत आणली.

मांजरीने परत नेली. राजकन्याने परत आणली.

तिसऱ्यांदा मांजरीने तीनच नेली. चौथं धाकटीने गोधडीत लपवलं होतं.

पहाटे मांजरी दाराबाहेर ओरडत होती. झोपमोड होते म्हणून राजकन्या तिला हाकलायला अंगणात गेली. हातात चप्पल होती.

तीन वाजून छप्पन मिनिटं झाली.

माळवद खाली आलं. दगडाच्या भिंती, वर दोन हात माती. राजकन्या चप्पल धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलेलं नाही.

दोन दिवसांनी जवानांनी ढिगारा उपसला. मधे पाऊस येऊन गेला होता. एका जवानाने तिच्या हातात मातीचं ते पिल्लू ठेवलं. कच्च्या मातीचं. एक कान गेला होता, बाकी काही झालं नव्हतं. ती रडली नाही. सर्व्हे करणाऱ्या बाईंनी फॉर्मवर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं. ते आजतागायत कुणी खोडलेलं नाही.

धाकटीचं नाव शिवगंगा. होस्टेलवर तेच नाव आहे. मुलींना वाटायचं, देवीचं असेल.

तेव्हापासून राजकन्या छपराखाली झोपली नाही. बारा महिने अंगणात खाट. गल्लीला वाटायचं, उकाड्यामुळे.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली अकरा मांजरं निघाली. तिने अकराही आत ठेवली. ठेवताना हात मध्येच थांबला. तेव्हाही आपण अशीच आत आणली होती…

चतुराबाईने तोवर कुलूप डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने दर्ग्यात ऊद घालून यायचं सुचवलं आणि शेजारच्या देवळात नारळही. “कुनाचं काम हाय ते आपल्याला थोडंच माहीत हाय,” ती म्हणाली. दोन्ही उरकून ती गावाकडे गेली ती परीक्षा झाल्यावरच आली.

चौथा दिवस. परीक्षा उद्यावर. मुली घरीच होत्या.

तीनला लाइट गेली. या वेळी टक्-टक् आवाज थांबेनाच.

राजकन्या हॉलमध्येच बसली होती. शोकेसकडे पाहत. पापणी मिटायची, उघडायची, एक जागा रिकामी झालेली असायची. नेताना काही दिसलं नाही. काच बंद होती.

साडेतीनला शोकेस मोकळं झालं. ती अंगणात आली. लिंबाखाली ओळीने सगळी मांजरं. घड्याळ. गल्ला. वाघसुद्धा. सगळ्यांची तोंडं घराकडे.

तिने हाक मारून मुलींना खाली बोलावलं. पुस्तकं घेऊन या, इथेच वाचा, म्हणाली. मुलींना वाटलं मावशीने शोकेस धुवायला काढलंय. उन्हात कसं बसायचं यावर थोडी कुरकुर झाली. पण मावशी कधी काही सांगत नसे, त्यामुळे सांगितलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. त्या आल्या.

सहा.

सातवी कहकशां. अहमदपूरची. अब्बांचं शिलाईचं दुकान. तिसरा अटेम्प्ट. घराकडच्या गल्लीतले लोक दोन वर्षांपासून तिला डॉक्टरसाहेबा म्हणत होते, त्यामुळे आता तिला तिकडे तोंड दाखवता येत नव्हतं. यंदा नंबर लागला नाही तर ईदनंतर निकाह, आणि मुलगा दुबईला एसी बसवायचा.

राजकन्या वर गेली. तीन चाळीस.

कहकशां कॉटवर पालथी पडून वाचत होती.

“खाली चल.”

“मावशी, एकच चॅप्टर राहिलाय. त्याच्यावर हमखास प्रश्न येतो.”

“चल म्हटलं.”

“उद्या पेपर आहे मावशी. खाली काय आहे असं?”

खाली काही नव्हतं. हेच तिला सांगता येईना. भूकंप म्हटलं असतं तर सात मुलींचं वर्ष गेलं असतं. नाही म्हटलं तर…

तीन अठ्ठेचाळीस. कहकशांने पान उलटलं.

राजकन्याने वाकून तिच्या कुर्त्याची मानेमागची कॉलर मुठीत धरली. आणि ओढली. कॉटवरून, दारातून, जिन्यावरून. कहकशां दोन पायऱ्या चुकली. एक चप्पल वरच राहिली. पुस्तक हातात होतं, ते तिने सोडलं नाही. लातूरची मुलगी.

अंगणात आणून राजकन्याने मूठ सोडली. कहकशांने मानेला हात लावला. मान ओली होती. राजकन्याच्या हाताला घाम आला असणार.

असणार.

तीन पंचावन्न.

तीन छप्पन…

काही झालं नाही.

तीन सत्तावन्नही झाले. पाखरं गप्प झाली नाहीत, भिंत हलली नाही, लिंबाचं पानसुद्धा नाही. सहा मुली वाचत होत्या. कहकशां रागाने एका चपलेवर उभी होती. सव्वाचारला लाइट आली आणि हॉलमधला पंखा फिरायला लागला.

“जाऊ आता वर?” कहकशांने विचारलं.

जा, राजकन्या म्हणाली.

मग तिची नजर मांजरांवर गेली. ओळीत सगळी होती. एक नव्हतं.

मातीचं.

ते शोकेसमध्ये कधीच नव्हतं. कपाटात असायचं. तिने कपाट पाहिलं. नव्हतं.

वरून कहकशांने हाक मारली. घाबरलेली नव्हती, जरा वैतागलेली होती. माझ्या कॉटवर कोण झोपलं होतं, असं विचारत होती.

राजकन्या वर गेली. चादरीत खळगा पडलेला. नऊ वर्षांचं पोर कुशीवर झोपलं, तर पडेल एवढा. पोटाशी, जिथे एखादी गोष्ट लपवून धरतात तिथे, मातीचं पिल्लू होतं.

त्याची मान कोरडी होती.

त्याला कुणीच बाहेर नेलं नव्हतं.

मुली दारात गोळा झाल्या. त्यांनी सांगितलेलं असं, की मावशी खळग्याशेजारी टेकली. मग रोजच्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं म्हणाली,

“शिवे, सोड ते. त्याची आई बाहेर वाट बघून राहिली.”

काही झालं नाही. पंखा फिरत होता. चादर मात्र त्या वाऱ्यानेही हलत नव्हती.

राजकन्याने पिल्लू उचललं नाही. कहकशांला दुसऱ्या खोलीत गादी टाकून दिली.

मांजरं पुन्हा कधी आत आली नाहीत. लिंबाखालीच आहेत. क्रोशाचं पहिल्या पावसाळ्यात कुजलं, घड्याळाचे डोळे एकीकडेच अडकले. नव्या मुली जाताना आणतात ते मांजर तिथेच ठेवतात.

ती कॉट राजकन्याने परत कुणाला दिली नाही. ऐन जूनमध्ये, बाप लोक पोरीची ट्रंक डोक्यावर घेऊन गल्लीत हिंडत असतानाही नाही. कॉटवर पिल्लू आहे. महिन्यातून एकदा ती चादर बदलते. नवी चादर ताणून बसवते. दुसऱ्या दिवशी दार उघडते तेव्हा खळगा असतो.

त्याला ती काही म्हणत नाही. बाहेर ये, असं मात्र रोज एकदा सांगते, तीन वाजून पन्नास मिनिटांनी. अजून कुणी आलेलं नाही.

लातुरात त्या दिवशी भूकंपाची नोंद नाही. आधीच्या आठवड्यात नाही, नंतरच्याही नाही. इमारतीला अजून तडा गेलेला नाही.

त्या एका चॅप्टरवर प्रश्न आला होता.

कहकशांला बीडीएस मिळालं. राजकन्याची खालची दाढ तिनेच काढली.