सहा पोती

पीठ भिजून वाळलं की पोत्याच्या आतल्या बाजूला त्याची बोटभर जाडीची साल धरते. ती फोडली तर आतलं पीठ बहुधा चांगलं निघतं. १९५५च्या मार्चमध्ये अक्राच्या सरकारी प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशेजारी अशी चाळीस पोती रचलेली होती. ती कुठल्या पाण्याने भिजली, एवढंच कोर्टाला माझ्याकडून हवं होतं.

अक्राला धक्का नाही. जहाज मैलभर लांब उभं राहतं, माल दोरांनी होड्यांत उतरतो आणि वल्हेकरी तो फुटत्या लाटांमधून वाळूवर आणतात. पिठाच्या व्यापाऱ्याने जहाजावर दावा लावला होता. जहाजवाले म्हणत होते, आमच्या जहाजाच्या पोटात सगळं कोरडं होतं, लाट होडीत चढली. होडीवाले म्हणत होते, पोती वरूनच ओली आली. पाणी खारं निघालं तर दोष होडीचा, गोडं निघालं तर जहाजाच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा. तपासणी सोपी आहे. नमुना शुद्ध पाण्यात कालवायचा, गाळायचा, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं.

सोपं नव्हतं ते दुसरंच. त्या होडीचं सुकाणू नुमो तेइकोंच्या हातात होतं. पाणी खारं ठरलं असतं तर त्यांचा पितळी बिल्ला आणि परवाना गेला असता, आणि त्यांच्या मागे दहा घरं बसली असती. माझे वडील, नॉर्ते, त्याच होडीवर वल्हेकरी होते. मी सहा वर्षांची असताना ते बुडाले. त्यानंतर मी कॉलेजला जाईपर्यंत दर शनिवारी आमच्या उंबऱ्यावर पानात गुंडाळलेला मासा असायचा. कोण ठेवतं हे आई सांगायची नाही आणि मला विचारावं लागायचं नाही.

मी हे सगळं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, लँप्टे साहेबांना सांगितलं. "हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरा कोण आहे? शिपाई?" ते चष्मा पुसत म्हणाले. "ओकायले, सिल्व्हर नायट्रेटला तुझे काका-मामा ठाऊक नसतात. काम कर."

सुनावणीला मी नमुन्यांच्या यादीसह मागच्या बाकावर बसले होते. जहाजाचा दुसरा अधिकारी हॅल्वर्सन साक्ष देत होता. हा नॉर्वेचा माणूस हळू बोलायचा आणि प्रत्येक आकडा दोनदा सांगायचा. होडी सुटली तेव्हा तो कठड्याशी उभा होता. लाट होडीवर अख्खी फुटली, असं तो म्हणाला. सगळे खाली वाकले. एक जण मात्र पोत्यांवर पालथा पडला आणि हात पसरून त्याने ती झाकली.

"माणसं किती होती?"

"वल्ह्यावर अकरा. अकरा, आणि सुकाणूवाला."

जहाजाच्या वकिलाने वाळूवरच्या कारकुनाची वही पुढे केली. उतरताना प्रत्येक वल्हेकरी आपलं वल्हं जमा करतो आणि कारकून वल्ह्यांवरून माणसं मोजतो. वहीत अकरा होते. परवान्यावर मात्र दहाच नावं होती.

"नोंद नसलेला माणूस होडीत घेतला होतात?" वकिलाने नुमो तेइकोंना विचारलं.

"माणसं दहाच होती. वल्ही अकरा. अकरावं नॉर्तेचं."

"हा नॉर्ते कुठे असतो?"

"समुद्रात."

कोर्टात हशा पिकला. नुमो हसले नाहीत. "तो दिवस मंगळवारचा होता, साहेब. मंगळवार समुद्राचा. आम्ही त्या दिवशी जाळं टाकत नाही. पण जहाजाला घाई होती, कंपनीने चला म्हटलं. आता दुसऱ्याच्या घरात त्याच्या सुट्टीच्या दिवशी शिरायचं, तर ओळखीचं कुणी सोबत नको? म्हणून त्याचं वल्हं त्याच्या बसायच्या फळीवर ठेवतो."

"आणि त्याला पगार द्यावा लागत नाही, साहेब!" मागून एक वल्हेकरी ओरडला.

न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. मग ते हॅल्वर्सनकडे वळले. "फळीवरचं वल्हं तुम्हाला माणसासारखं दिसलं असेल का?"

"मी वीस वर्षं समुद्रावर आहे, वीस," हॅल्वर्सन म्हणाला. "वल्ह्याला पाठ नसते."

न्यायाधीशांनी कागद मिटले. आता प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो त्यावर निकाल, असं म्हणून त्यांनी शुक्रवारची तारीख दिली.

मी चाळीसही पोत्यांमधलं पीठ तपासलं. चाळीस नळ्या, चाळीसही स्वच्छ. पाणी गोडं होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण फार वेळ टिकला नाही.

कारण त्या नळ्या गरजेपेक्षा जास्त स्वच्छ होत्या. अक्राच्या लाटांमधून आलेल्या कुठल्याही पोत्यावर मीठ असतंच. मी बाजारातून दुसऱ्या जहाजाचं एक धड पोतं आणवलं. त्याच्या कापडाचं पाणी लगेच पांढुरलं. खिडकीच्या काचेवरची धूळ पांढुरली. माझं स्वतःचं बोट बुडवलं, तेही पांढुरलं. या पोत्यांचं कापड मात्र, ज्यांच्यावर एक अख्खी लाट फुटली होती, पावसाच्या पाण्यासारखं निघालं. मी औषध नवं बनवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. तेच उत्तर आलं.

सहा पोती तेवढी वेगळी होती. कारकुनाच्या खडूच्या खुणांवरून ती सर्वांत वरच्या थरातली होती. त्यांच्यावर मीठ होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. एका कोपऱ्यात दाट, आणि तिथून वीतभर अंतरावर अजिबात नाही. पाणी असं वागत नाही. पाणी पसरतं.

गुरुवारी सकाळी मी ती सहा पोती रिकामी केली, उसवली आणि पडदे ओढलेल्या खोलीत जमिनीवर अंथरली. होडीत होती तशीच, तीन-तीनच्या दोन रांगांत. फवाऱ्याने त्यांच्यावर सिल्व्हर नायट्रेट मारलं. मीठ असेल तिथे तयार होणारा पांढरा क्षार उजेडात काळा पडतो, फोटोच्या कागदासारखा. कापडही मागाहून तपकिरी होतं, पण पहिली काही मिनिटं हातात असतात.

मी पडदा उघडला. अकरा वाजले होते. बाहेर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणारी बाई गिऱ्हाइकाशी भांडत होती.

आधी दोन हात उमटले, पसरलेले. बोटं कडेच्या पोत्यांवरून खाली वळलेली, घट्ट.

मग खांदे.

मग एका बाजूला वळवलेला गाल.

मी लँप्टे साहेबांना बोलावलं. ते दारातच थांबले. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही.

"कोर्टाने काय विचारलंय?" त्यांनी विचारलं.

"पीठ कशाने भिजलं ते."

"मग पिठाबद्दल लिही."

मी पडदा पुन्हा ओढून घेतला आणि पिठाबद्दल लिहिलं. शुक्रवारी निकाल होडीच्या बाजूने लागला. जहाजाच्या टाकीचा नळ गळका होता, हे त्यांच्याच दुरुस्तीच्या कागदात सापडलं.

सोमवारी दुपारी नुमो तेइको प्रयोगशाळेत आले. हातात पानात गुंडाळलेला तळलेला मासा आणि केंके.

"आज शनिवार नाही, नुमो," मी म्हटलं.

"म्हणजे तुला माहीत होतं तर. चोर पकडलास!" ते हसले. "पोरी, तुझे उपकार झाले बघ."

"उपकार माझे नाहीत," मी म्हणाले आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं.

ते त्या कापडाशेजारी उकिडवे बसले. दचकले नाहीत. रस्त्यात भेटलेल्या जुन्या सोबत्याकडे बघावं तसे बघत राहिले.

"असाच पडला होता तो," ते म्हणाले. "त्या दिवशी."

"कोणावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईने सांगितलं नाही?"

"ती म्हणायची, मी तापाने घरी झोपले होते."

"तू होडीत होतीस. जहाज बघायचं म्हणून रडून आकांत केला होतास, म्हणून त्याने घेतलं. लाट आली तसा तो तुझ्यावर पालथा पडला. दुसऱ्या लाटेने त्याला नेलं. आम्ही तुला उचललं, तर..." त्यांनी आपला तळहात कपड्यावर पुसला. "तुझा झगा कोरडा होता, पोरी. कोरडा ठणठणीत. आम्ही सगळे निथळत होतो."

मला काहीच आठवलं नाही. नंतर हळूहळू फक्त एक वजन आठवलं, आणि अंधार, आणि त्या अंधारात अजिबात भीती नव्हती हे.

"तेव्हा केवढी होते मी?"

नुमोंनी हात कमरेशी धरला.

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. त्या काळ्या आकृतीच्या मधोमध, छातीखाली, कापड पांढरं राहिलं होतं. लांबट, एका अंगावर वळलेली जागा. मी पट्टी लावली. एकेचाळीस इंच.

खटला संपल्यावर ती सहा पोती मी मागून घेतली. कुणालाच ती नको होती. काळ्या कागदात गुंडाळून मी ती बंद पेटीत ठेवते, उजेड लागू देत नाही. मंगळवारी एकदा उघडते, दोन मिनिटं, आणि मनातल्या मनात आभार मानते. याला कुठलंही शास्त्र नाही आणि मी ते शोधतही नाही.

या मंगळवारी उघडली तेव्हा सवयीने पट्टी लावली. आकृती आता शाईसारखी काळी झाली आहे, पण मधली जागा पांढरी आहे तशीच आहे. फक्त ती एकेचाळीस इंच नाही. बासष्ट आहे.

माझी उंची पाच फूट दोन इंच.

मी त्या पांढऱ्या जागेवर हात ठेवला. भोवतालचं कापड ओलं होतं, गार. हाताखालचं कोरडं होतं.