परतीचं कारण

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तीन दिवस घरचाच मदरबोर्ड पडून होता. वीज दोनदा गेली, दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा येताना बोर्डाचा एक कोपरा काळा करून गेली. जळक्या प्लास्टिकचा वास पडद्यांतून अजून जात नव्हता.

त्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या बायकोचा आवाज होता. गळ्याच्या ऑपरेशनआधी तीन आठवडे ती रोज माइकसमोर बसून वाक्यं वाचायची. दीड हजार वाक्यं. त्यांवरून बनवलेला आवाज पुढे तिच्यासाठी बोलू लागला. ती टाइप करायची, स्पीकर बोलायचा, तिच्या खोचकपणासकट. आता तिच्या मांडीवर पाटी होती.

डिस्क शाबूत होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्ली बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये. 'किल्ली कागदावर उतरवून ठेवा, एक प्रत बाहेर ठेवा,' असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. स्वतःच्या घरात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकच वाट उरली होती. ह्याच मॉडेलचा बोर्ड मिळवायचा आणि जुनी चिप उचलून त्यावर बसवायची. मॉडेल बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

चौथ्या दिवशी दुपारी, दुकानातून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, ऑनलाइन एक सापडला.

*ओपन बॉक्स. ग्राहकाने परत केलेला माल. तपासलेला, चालू स्थितीत. शिल्लक: १.*

त्याने मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, दुसऱ्यानं उष्टावलेलं ताट कशाला ओढून घेता?"

"दुसरं ताटच नाही."

"चांगली वस्तू कोण परत करतं? काय खोट निघाली, विचारा तरी."

"कारण दिलंय खाली."

"मग वाचा की."

*परतीचं कारण: बोर्ड उत्तम आहे. वापरणारं माणूस राहिलं नाही.*

त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मेहुणा म्हणाला, "ताईला हे दाखवू नका."

फोटो चार होते. पहिला खोक्याचा, चिकटपट्टी कापलेली. दुसरा बोर्डाचा, समोरून. काळा कोपरा नाही, स्वच्छ.

तिसरा मागच्या बाजूचा. डावीकडच्या स्क्रूच्या भोकाजवळ तिरका ओरखडा. असा ओरखडा त्याच्या बोर्डावरही होता. चार वर्षांपूर्वी त्याच्याच हातून स्क्रूड्रायव्हर निसटला होता. निसटतो कुणाच्याही हातून, तिथेच निसटतो, जागाच अडचणीची आहे. हे त्याने स्वतःला नीट समजावलं.

चौथा सिरियल नंबरचा.

तो उठला. जळका बोर्ड खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. अकरा आकडे. एकेक जुळवत गेला. मग उलट्या बाजूने जुळवले.

विकणाऱ्याने कुठूनतरी फोटो उचलला असेल. पण ह्या बोर्डाचा फोटो त्याने स्वतः कधी काढला नव्हता, आणि तीन दिवसांपूर्वीपर्यंत तो बंद पेटीत होता.

*परत आल्याची तारीख: २३.*

महिना चालू. साल चालू. आज दोन तारीख होती. काही ठिकाणी महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्याने तसं वाचून पाहिलं. पण तेविसावा महिना नसतो.

पाठीमागे खडू करकरला. ती केव्हा येऊन उभी राहिली, त्याला कळलं नव्हतं. पाटीवर होतं:

*कोण राहिलं नाही?*

"असेल कुणीतरी. तारीखसुद्धा चुकीची टाकलीय, बघ ना."

तिने त्याच्या हातातून बोर्ड घेतला, स्क्रीनशेजारी धरला. बोट एकेका आकड्यावरून सरकलं. ओरखड्यापाशी थांबलं.

*आपलाच आहे.*

"मी नाही घेणार."

*का?*

"डॉक्टर काय म्हणाले? गाठ गेली, आता वर्षानं या. म्हणाले ना?" आपण हे कुणाला सांगतोय, ते त्याचं त्यालाच कळेना.

तिने बाहीने पाटी पुसली. ह्या वेळी सावकाश लिहिलं.

*तोपर्यंत बोलता येईल ना?*

ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने बोर्ड कार्टमध्ये टाकला.

काढला.

न घेतला तर तारीख टळेल?

टाकला.

की तारीख येईलच, आणि ती मुकीच जाईल?

काढला. पान बंद केलं. तो कॉम्प्युटर बंद केला. प्लगही काढून ठेवला.

पाचव्या दिवशी खोकं आलं. सही तिने केली. तिच्याच फोनवरून मागवलेलं होतं. रागवायला समोरच्यालाही उलट बोलता आलं पाहिजे.

चिप नंतर बसवू, आधी बोर्ड जागा होतो का ते बघू, म्हणून त्याने नुसता जोडला. डिस्क लावली. पंखा फिरला. किल्ली मागणारी खिडकी आलीच नाही. सरळ तिची स्क्रीन उघडली.

जुनी चिप अजून जळक्या बोर्डावरच होती. टेबलावर, त्याच्या कोपराशी.

तिने त्याला हलकेच बाजूला सारलं आणि कीबोर्ड ओढला.

"अखेर," स्पीकर म्हणाला. "खडूची भुकटी खाऊन कंटाळले होते. तोंड असं का केलंयस? बोलायला आलेय, भांडायला नाही." बोटं थांबली, पुन्हा चालली. "तेही करीन म्हणा."

तो हसला. मग हसू पुसून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत थांबला.

त्यानंतर ती थांबलीच नाही. भावाला फोन, मैत्रिणींना फोन, दहा वर्षं बोलणं तुटलेल्या नणंदेलाही फोन. जेवतानाही कीबोर्ड ताटाशेजारी. तो नुसता ऐकायचा. घसा दुखतो का, असं रोज विचारायचा. "नाही रे," स्पीकर म्हणायचा.

बारा तारखेला सकाळी, विकणाऱ्याचा पत्ता शोधावा म्हणून त्याने ते पान उघडलं. नावगाव नव्हतं.

*माल संपला. परत आल्यावर कळवा, असं सांगून ठेवलेले ग्राहक: १.*

संध्याकाळी ती आतल्या खोलीत भावाशी भांडत होती. तिचा आवाज चांगला खणखणीत लागला होता. त्याने पान पुन्हा उघडलं.

*ग्राहक: ११.*