आम्ही आपणास ओळखत नाही

आपले घरचे फोटो परक्या कंपनीच्या ताब्यात का असावेत, हा प्रश्न कोथरूडच्या आनंदला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पडला. त्या वयात माणसांना साधारणपणे गुडघ्यांचे प्रश्न पडतात. पण आनंदची नोकरीच संगणकांची देखभाल करण्याची. त्यानं ऑफिसनं भंगारात काढलेला एक संगणकाचा डबा घरी आणला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि घरच्या घरी सर्व्हर सुरू केला.

मग सुरू झाली ॲपांची निवड. कागदपत्रांसाठी एक, पुस्तकांसाठी एक, बायकोच्या पाककृतींसाठी एक. त्यात सुनीतीनं आजवर एकच पाककृती लिहिली होती : "बाहेरून मागवणे." फोटोंच्या ॲपचं मात्र काही जमेना. एक फार मंद, दुसरं दिसायला गावठी, तिसऱ्याला चेहरे ओळखता येत नाहीत. रविवारच्या रविवार आनंद तक्ते करून गुणदोष मांडत बसायचा.

"इतकी स्थळं लग्नाआधी पाहिली असतीस," सुनीती म्हणायची, "तर मी वाचले असते."

डबा ठेवायला जागा हवी होती. ती अण्णांच्या खोलीतल्या कपाटात मिळाली, खालच्या कप्प्यात. तिथे आधी अकरा अल्बम होते.

अण्णा म्हणजे आनंदचे वडील, महिपती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. तपासलेल्या प्रत्येक पेटीवर नाव, तारीख आणि सही टाकायची, ही तिथली शिस्त. ती त्यांच्या हातात इतकी मुरली की घरातल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवरही ते तसंच लिहीत. कोण, कुठे, केव्हा. खाली सही. आई गेल्यावर ते कोथरूडला राहायला आले, तेव्हा दोन बॅगा आणि हे अकरा अल्बम घेऊन आले.

आनंदनं पाच रविवार खपून सगळे फोटो स्कॅन केले आणि अल्बम रद्दीत दिले. रद्दीवाल्यानं त्यांना वजनकाट्यावर चढवलं, तेव्हा अण्णा खोलीच्या दारात उभे होते.

"मागचं लिहिलेलंही आलं ना रे त्यात?"

"मागचं कशाला, अण्णा? चेहरे दिसतायत की."

आनंदनं त्यांना एक टॅब दिला आणि पासवर्ड सांगितला. तो त्यांनी डायरीत लिहून घेतला. बरोबर कुठे दाबायचं, मग कुठे दाबायचं, हेही क्रमवार लिहिलं. रोज चार वाजता चहा, चार दहाला फोटो, असं ठरवलं.

तीन आठवड्यांनी आनंदला अधिक चांगलं ॲप सापडलं. नवं चिन्ह, नवा पासवर्ड. अण्णांनी डायरीतलं जुनं खोडून नवं लिहिलं. दोन महिन्यांनी तिसरं ॲप आणि तिसरा पासवर्ड आला. हे ॲप खास अण्णांसाठी निवडलं होतं, कारण त्यात मराठी होतं. कुणा हौशी माणसानं केलेलं भाषांतर.

"अरे आनंद," चार दहाला पासवर्ड टाकून अण्णांनी हाक मारली, "हे काय म्हणतंय बघ. 'आम्ही आपणास ओळखत नाही.' अहो-जाहो करतंय, पण ओळख काही दाखवत नाही. पुण्याचंच दिसतंय."

आनंद हसला. त्याची मीटिंग चालू होती. "रविवारी बघतो, अण्णा."

तो रविवार असाच गेला. पुढचे सहाही गेले. अण्णा रोज चार दहाला टॅब घेऊन बसत, एका बोटानं काहीतरी टाइप करत आणि साडेचारला टॅब पिशवीत घालून ठेवत. विचारायचं त्यांनी थांबवलं होतं. डिसेंबरात एका शनिवारी दुपारी ते झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

चौदाव्यानंतर घर शांत झालं. आनंदनं चौथं ॲप बसवलं. हे खरोखर चांगलं होतं. फक्त इंग्रजीत, पण ते प्रत्येक चेहरा वेगळा काढायचं आणि त्याखाली नावासाठी रिकामी चौकट ठेवायचं. पाच हजार फोटो, शेकडो चेहरे. त्यातले चाळीसएक आनंदला ओळखता आले, पण नावं टाकायचं काम त्यानं रविवारवर ढकललं. बाकीच्यांची नावं फोटोंच्या पाठीवर होती.

ॲपमध्ये त्यानं दोनच खाती उघडली, आनंद आणि सुनीती. आठवड्यानं त्यानं सहज नोंदी उघडल्या. कोण आलं, कधी आलं, याची यादी. त्यात एक ओळ रोज होती.

महिपती. चार वाजून दहा मिनिटं. प्रवेश नाकारला.

टॅब आपोआप प्रयत्न करत असेल, असं आनंदनं ठरवलं. त्यानं कपाटातून पिशवी काढली. टॅब केव्हाच बंद पडलेला होता. तरीही शंका नको म्हणून तो त्यानं वारज्याच्या एका मित्राला देऊन टाकला. बाहेरून सर्व्हरकडे यायला वाटच नव्हती, ती त्यानं कधी उघडलीच नव्हती. एके दिवशी चार वाजता त्यानं वायफायही बंद केलं आणि डब्यासमोर पाटावर बसून राहिला.

चार दहाला डिस्क हलकेच कुरकुरली. महिपती. प्रवेश नाकारला.

"काय बघतोयस?" सुनीती दारातून म्हणाली.

"काही नाही. एक बग आहे."

"चार वाजले की माझ्याकडून अजून तीन कप चहा होतो," ती म्हणाली. "हा पण बगच म्हणायचा."

चुकीचा पासवर्ड काय होता, हे सर्व्हर लिहून ठेवत नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात असते. आनंदनं एक ओळ बदलून ती सभ्यता काढून टाकली. पहिल्या दिवशी पहिल्या ॲपचा पासवर्ड आला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. डायरीत लिहिलेल्या क्रमानं. चौथ्या दिवशी आलं :

मी महिपती

पाचव्या दिवशी :

मी आनंदचे वडील

सहाव्या दिवशी काही आलं नाही. नुसती रिकामी जागा पाठवलेली. सातव्या दिवशी :

आज रविवार आहे

त्या दिवशी रविवारच होता.

आनंदनं महिपती नावाचं खातं उघडलं. पासवर्डची अटच काढून टाकली. हे काम दीड मिनिटाचं होतं. त्यानं घड्याळ लावून पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

सोमवारी चार दहाला नोंद झाली. महिपती. प्रवेश दिला.

साडेचारला आनंदनं चेहऱ्यांचं पान उघडलं. पहिल्या बारा चेहऱ्यांखाली नावं आली होती. "कचरू, भरण विभाग, १९७४." "दशरथ, त्याचा धाकटा." "शकू, लग्नाआधी." प्रत्येकाखाली छोटासा 'म.' होता.

सुनीतीला त्यानं पान दाखवलं, पण कुणी लिहिलं ते सांगितलं नाही.

"शकूआत्या इतकी देखणी होती?" ती म्हणाली. "बरं केलंस. अण्णांना आवडलं असतं."

मग रोज बारा-पंधरा नावं येऊ लागली. आनंद ऑफिसातून लवकर निघायला लागला. आईच्या मैत्रिणी, क्वार्टर्समधले शेजारी, एक द्वारका नावाची मुलगी जी कोण हे आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. साडेचारला तो पान उघडायचा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचा. अनेक महिन्यांनी त्याला नीट झोप लागायला लागली. अण्णा रागावलेले नाहीत, असं त्यानं जवळपास मान्य केलं होतं.

मार्चअखेर एकच चेहरा उरला. सर्वांत जास्त फोटो असलेला. सहाशे बारा.

आनंद त्या दिवशी घरीच होता. चार वाजता त्यानं दोन कप चहा केला आणि एक कपाटाशेजारी ठेवला.

चार दहा. प्रवेश दिला.

डिस्क थोडा वेळ कुरकुरली. मग थांबली. मग पुन्हा कुरकुरली, अडखळत, एका बोटानं टाइप करावं तशी.

साडेचारला आनंदनं पान उघडलं.

खडकीच्या क्वार्टर्सच्या पायरीवरचा फोटो. अण्णा तरणे, गणवेशात. खाली नाव : "मी." त्यांचा हात एका सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर. मुलाच्या हातात पाटी.

त्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं :

"आम्ही आपणास ओळखत नाही. म."

आनंदनं पुढचा फोटो उघडला. मुंजीचा. मग कॉलेजचा, लग्नाचा, अकरा अल्बम त्याच्या हातात देऊन सुनीतीनं गमतीनं काढलेला. सहाशे बारा ठिकाणी तेच.

त्यानं ते खोडलं आणि "आनंद" लिहिलं. ॲपनं ते जपून ठेवलं. पान पुन्हा उघडलं, तर तिथे आधीचंच होतं.

त्या दिवसानंतर चार दहाला कुणी आलं नाही.

खोलीतून निघताना आनंदनं कपाटाशेजारचा कप उचलला. तो रिकामा होता.