अनुताईंचं बिऱ्हाड

टेकाड ओलांडताच शाल्मली शेट्येने चाकगाडी इतक्या जोरात थांबवली, की डॉ. फ्रान्सिस डाबरेंच्या मांडीवरची अवजारांची पेटी धाडकन खाली पडली.

“सर, ते बघा! अहो, बघा ना!”

“बघतोय गं बाई. पण बघायला जिवंत तर राहू दे मला!”

मंगळाच्या तांबड्या वाळवंटात, पारदर्शक घुमटाखाली, एक बुटकं, ओबडधोबड घर उभं होतं. शाल्मलीच्या आजीचं. अनसूया शेट्ये ऊर्फ अनुताई म्हणजे या ग्रहावर संसार थाटणारी पहिली बाई. म्हणून अख्खी वस्ती त्या घराला ‘पहिलं बिऱ्हाड’ म्हणायची. चित्रात ते प्रत्येक पोराने पाहिलेलं. पण जतन मंडळाच्या परवानगीशिवाय तिकडे फिरकायची कुणाची टाप नव्हती. आज परवानगी मिळाली होती, आणि तीही कशासाठी? तर घराचा जीव काढून घेण्यासाठी!

घराला वीज पुरवणारा तळघरातला अणुघट वस्तीला हवा होता. वस्तीत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं कोंबलेली. ‘खोली नाही, तर मूल नाही’ असा सरळ कायदाच होता. शाल्मली आणि तिचा नवरा निषाद कितीतरी वर्षं रांगेत होते. या घटावर नवं बांधकामयंत्र चालणार होतं, वर्षाकाठी मोजून दोन खोल्या काढणारं. तिने होकार दिला खरा, पण आजीचं घर थंड पाडून आपली खोली मिळवायची, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आत मात्र ती सगळं विसरली. यानाच्या पत्र्याची परात काय, हवाबंद दाराला लावलेला दगडी उंबरठा काय!

“हवाबंद दाराला उंबरठा!” डाबरे हसले. ते जीवाणुशास्त्रज्ञ, मूळचे वसईचे. “तेव्हाचे अभियंते म्हणे वैतागले होते.”

“आजी म्हणाली असणार, उंबरठा नाही ते कसलं घर?”

“अगं, तिची खरी करामत ही.” डाबरेंनी भिंतीवर हात फिरवला. “वाळू, बर्फाचं पाणी आणि वाळूसांधे जीवाणू. जीवाणू चुना तयार करतात, चुना वाळूचे कण सांधतो, वाळूचा दगड होतो. यंत्र खणतं, जीवाणू बांधतात. एक हुकूम द्यायचा, घर स्वतःच नवी खोली काढणार!”

“मग आपण आज असं का नाही बांधत?”

“विरजण कुठाय? जीवाणूंचं विरजण फक्त तिच्याकडे होतं. ती एकाएकी आजारी पडली, तिला वस्तीतल्या दवाखान्यात हलवलं, आणि ती काही परतली नाही. हुकूम असेल तरच यंत्र विरजणाला खायला घालतं. इथलं साठ वर्षांपूर्वीच उपाशी मेलं असणार.” बोलता बोलता त्यांनी भिंतीवरचा घटाचा मापक पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “घट इतका कसा झिजला? रिकाम्या घरात एवढी वीज खातंय कोण?”

शाल्मलीचं लक्ष नव्हतं. पुढचं काम तिचंच होतं. हे घर फक्त शेट्ये घराण्याचा आवाज ओळखायचं, आणि घराने स्वतः यंत्रं थांबवल्याशिवाय घट काढणं धोक्याचं होतं.

“सांग घराला, बंद हो म्हणून,” डाबरे हळूच म्हणाले.

शाल्मलीने तोंड उघडलं. ‘बंद’ हा शब्द काही केल्या बाहेर येईना. तिचे डोळे भरून आले. तिने भिंतीवर थोपटलं आणि शेट्यांच्या घरात म्हणत तसंच म्हणाली, “चल गं बाई, वाढव आता.”

भिंतीतून खरखरीत आवाज आला, “अजून, ताई?”

डाबरे दचकून मागे सरले. “काय म्हणालं ते?”

“मागे तुम्ही वाढव म्हणालात,” घर म्हणालं. “कुठवर, ते सांगितलं नाहीत. वाढवतेच आहे.”

“शाल्मली, तू काय हुकूम दिलास घराला?”

“वाढव! म्हणजे बंद कर! आमचं मूळचं राजापूरला दुकान. दुकान ‘बंद कर’ असं कुणी म्हणतं का? अशुभ! दुकान वाढवायचं, नारळ वाढवायचा...”

“ते तुला-मला कळतं गं! यंत्राला कोण सांगणार?”

दवाखान्यात निघालेली शेट्यांची बाई घराला काय म्हणून निघाली असेल, ते आता सांगायला नको होतं.

“पण घर तर तेवढंच आहे,” शाल्मली पुटपुटली.

“वरून! किरणांचा त्रास नको म्हणून नवी खोली जमिनीखालीच काढायची, हा तुझ्या आजीचाच नियम!”

दोघं धडाधड जिना उतरले. तळघरात ‘हात लावू नये’ अशी मंडळाची पाटी लावलेलं एक दार होतं. शाल्मलीने बेधडक हात लावला.

उबदार हवेचा झोत तोंडावर आला. समोर एक दिवा लागला, मग दुसरा, मग पुढचा. बोळ लांबतच गेला. दोन्ही बाजूंना खोल्या, आणि प्रत्येक खोलीला उंबरठा.

डाबरे भिंतीपाशी गुडघ्यांवर बसले. भिंत अजून ओलसर होती. “जिवंत आहे! अगं, विरजण जिवंत आहे!” म्हातारा अक्षरशः रडत होता. “आणि मी घट काढायला निघालो होतो!”

“किती खोल्या आहेत गं?” शाल्मलीने घराला विचारलं.

“मोजायला सांगितलं नव्हतं, ताई.”

तिने निषादशी संपर्क साधला. “अरे, खोली मिळाली!”

“काय सांगतेस! कुठली?”

“तू आधी ये तर! निवडायला वेळ लागणार आहे.” ती हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“ताई, वाढवू की थांबू?” घराने विचारलं.

“वाढव!” ती म्हणाली, आणि लगेच घाबरून ओरडली, “म्हणजे खरंच वाढव हं!”