चकाकी घालवताना

रंगांच्या दुकानात चकाकी मारणाऱ्या मॅट वार्निशचा एकच स्प्रे उरला होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा, दुसरा शेजारच्या गल्लीत पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा.

"मला आजच हवाय," ती म्हणाली.

"आज नेऊन काय करणार? बाहेर झिमझिम चाललीय. ओल्या हवेत मॅट मारलं की पांढरं पडतं."

"मी दातांच्या कवळ्या घडवते. हात स्थिर आहे माझा."

"हाताला कोण नावं ठेवतंय?" त्याने डबा सोडला... नजर मात्र सोडली नाही. "हात छानच आहे."

तिने तडक घर गाठलं. कान उगाच तापले होते.

बाबा आतल्या खोलीत वाट बघत बसले होते. जन्मभर विमानांचे मेकॅनिक. ज्या विमानाची त्यांनी निगा राखली, त्याचंच हातभर मॉडेल दोन वर्षं खपून त्यांनी जोडलं होतं. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी, आणि डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. त्याआधी त्यांना विमान पुरं झालेलं बघायचं होतं.

"तेवढी चकाकी घालव गं. माझं विमान असं नवरीसारखं कधी सजलं नव्हतं."

तिने गॅलरीत नेऊन स्प्रे मारला. दोनच मिनिटांत पंखांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर चढला. खुणा, आकडे, सगळं त्याखाली गेलं.

"झालं का गं?" आतून हाक आली.

"वाळतंय, बाबा."

चपला न घालताच ती पेंटरच्या दुकानात धावली. तिचा चेहरा बघून त्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

"पांढरं पडलं?"

तिने मान डोलावली. "बोला आता. 'सांगितलं होतं' म्हणा एकदाचं."

"ते म्हणायला आयुष्य पडलंय," फळीवरचा एक डबा उचलत तो म्हणाला. "चला."

घरी त्याच्या हातात ग्लॉसी वार्निशचा स्प्रे दिसताच तिने त्याचं मनगट धरलं. "पुन्हा चकाकी? तीच तर घालवायचीय मला."

"त्या पांढऱ्या थरात ग्लॉसी मुरलं की खालचा रंग परत दिसतो. मग मॅटचा पातळ हात."

"आणि नाही दिसला तर?"

"तर बाबांसमोर मी उभा राहीन. तुम्ही नाही."

मनगट सोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

विमान बाहेरच्या खोलीत आणून त्यांनी हीटरने ती कोरडी केली, मग हीटर बंद करून खिडकी किलकिली ठेवली. डबा त्याने तिच्याच हातात दिला. "पंखाच्या बाहेरून सुरू करा, बाहेरच संपवा. मध्ये थांबायचं नाही."

पहिला फवारा गेला. पांढरं तसंच... दुसरा गेला. तिने श्वास रोखला. मग पंखाच्या टोकाकडून हिरवा रंग हळूहळू वर आला, एकेक आकडा उमटला.

"रडायचं असेल तर विमानापासून लांब," तो हळूच म्हणाला. "ओल चालत नाही त्याला."

ती हसली, आणि डोळे पुसत लांब सरकली. ग्लॉसी वाळेपर्यंत दोघं जमिनीवर बसून राहिले, मध्ये वीतभर अंतर ठेवून. मग मॅटची तळाशी बसलेली पावडर वर यावी म्हणून त्याने तो डबा चांगला दोन मिनिटं हलवला. तिने एकच पातळ हात फिरवला. चकाकी विझली. विमान धुळीतून उतरल्यासारखं दिसू लागलं.

बाबांनी ते खिडकीशी धरून एका डोळ्याने कितीतरी वेळ बघितलं.

"असंच उभं असायचं उन्हात," ते म्हणाले. मग दाराकडे वळले. "आणि हे कोण? एका हाताला वाळायला इतका वेळ लागत नाही, एवढं कळतं मला."

"पेंटर आहेत, बाबा."

"ते बोटांवरून दिसतंय. आपले कोण?"

"उद्या ते आपल्याबरोबर येताहेत दवाखान्यात... परवाही. पट्टी सोडतील तेव्हाही."

त्याला तिने काहीच विचारलं नव्हतं. त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

"किती वाजता येऊ?" मागून आवाज आला. इतका वेळ चेष्टा करणारा तो आवाज थरथरत होता.

"सहाला," ती म्हणाली. "उशीर केलात तर मीच न्यायला येईन."