पाणथळीतली चप्पल

नकाशावर त्या जागेला ‘मोकळी जमीन’ म्हटलं होतं, म्हणून ती बिनधास्त पुढे गेली आणि गुडघ्यापर्यंत आत रुतली.

ओरडायची तिला लाज वाटली. सगळीकडे नुसती लव्हाळी आणि पाणी. थोड्या अंतरावर पोटापर्यंत रुतलेली एक म्हैस तिच्याकडे शांतपणे बघत होती. म्हशीला दोर बांधला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला चिखलाने माखलेला एक तरुण होता.

"हलू नका," तो म्हणाला. "हिच्यानंतर तुमचा नंबर."

"आणि मी आधी आले असते तर?"

"तरी हिचाच. ती गाभण आहे."

म्हैस निघाली, मग ती निघाली. पाय वर आला, चप्पल मात्र आतच राहिली. तो जनावरांचा डॉक्टर होता. घाबरू नका, माणसांवर उपचार करत नाही, फक्त बाहेर काढतो, असं त्याने सांगितलं. तिला हसू आवरेना.

"तुम्ही इथे कशा?"

"मी इमारतींची मॉडेलं बनवते. इथे वसाहत होणार आहे ना, तिचंच..."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या."

"मी कुणातलीच नाही. मी पुठ्ठ्यातली आणि डिंकातली."

त्याने दोर गुंडाळला. मग म्हणाला, "बनवायच्या आधी जागा तरी नीट बघा. उद्या या. चप्पलही शोधू."

ती आली. परवाही आली. तो लांब काठीने चिखल चाचपायचा आणि बोलत राहायचा. वरच्या रस्त्यांचं सगळं पाणी उतारावरून इथे येतं, इथेच मुरतं. पाणथळ बुजवली तर ते कुठे जाणार? त्याने खालच्या गल्लीतल्या पिवळ्या दाराकडे बोट दाखवलं. "तिथे. आमच्या स्वयंपाकघरात." तेवढ्यात त्या दारातून त्याची आई हात पुसत बाहेर आली आणि लेकाकडे न बघता तिलाच म्हणाली, "चहा घेऊन जा गं."

चहा प्यायला ती गेली आणि पुढे जातच राहिली. चप्पल काही सापडेना. तिला त्याचं फारसं वाईटही वाटेना, आणि हे आपल्याला का होतंय हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

बाबांच्या वर्कशॉपमध्ये तिने उतार अगदी मोजून उतरवला. पाणथळीसाठी स्पंज कापला, त्यात ब्रशचे केस खोचून लव्हाळी केली. खालची गल्ली रचली, एका दाराला पिवळा रंग दिला. बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे घर जास्तच मन लावून केलंयस?" तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

बांधकामवाले साहेब मॉडेल बघायला आले. वर्कशॉप बरंचसं त्यांच्याच कामांवर चालायचं. त्यांनी स्पंजाकडे बघून नाक मुरडलं. "हे डबकं कशाला? इथे हिरवळ दाखवा. सभेत मंजुरी घ्यायचीय, लोकांना बरं वाटलं पाहिजे."

"पण तिथे पाणी असतं, साहेब."

"असतं. पुढे नसेल."

ते गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "आपण मॉडेलं बनवतो बाळा, मतं नाही." तिने हिरवा पत्रा कापून स्पंजावर घट्ट बसवला, पण चिकटवला नाही. बाबांनी ते पाहिलं आणि डिंकाची बाटली फडताळात ठेवून दिली.

संध्याकाळी डॉक्टर आला. हिरव्या चौकोनाकडे बघत उभा राहिला.

"छान आहे हिरवळ," तो म्हणाला. "माझा तुमच्यावर भरवसा होता."

"होता... की आहे?"

तो निघून गेला. तिला फार लागलं. मागे धावून सगळं सांगावं असं वाटलं, पण सांगून भागणार नव्हतं. आता करूनच दाखवायचं, असं तिने ठरवलं.

नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. साहेबांनी मॉडेल फिरून फिरून दाखवलं, लोक कौतुकाने बघत होते. मागच्या रांगेत डॉक्टर आईशेजारी मान खाली घालून बसला होता. ती उठली.

"अध्यक्षबाई, हे मॉडेल मी केलंय. एक गोष्ट दाखवायची राहिलीय."

बाबा आधीच उठले होते. टेबलावरचा पाण्याचा जग त्यांनी तिच्या हातात दिला. "सांभाळून," ते म्हणाले, "सगळं ओत."

तिने वरच्या रस्त्यावर पाणी ओतलं. ते हिरवळीवरून सरळ ओघळत खाली गेलं. गल्लीतली पुठ्ठ्याची घरं फुगली, वाकली, एकमेकांवर कलंडली. पिवळं दार पाण्यात तरंगू लागलं. इतक्या दिवसांची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत लगदा झाली.

मग तिने हिरवा पत्रा उचलला, बाजूला ठेवला आणि जगातलं उरलेलं पाणी पुन्हा तिथेच ओतलं. स्पंजाने पाणी पिऊन टाकलं. गल्लीकडे थेंबही गेला नाही.

"आम्ही मोठे पाइप टाकणार आहोत," साहेब म्हणाले.

"मॉडेलमध्ये कुठे आहेत ते?" अध्यक्षबाईंनी विचारलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी फाइल मिटली. "इमारती वरच्या कोरड्या जमिनीवर घ्या. पाणथळीला हात न लावता नवा आराखडा आणा. तोवर मंजुरी नाही."

बाहेर पडताना साहेब बाबांना म्हणाले, "यापुढे आपलं जमणार नाही." बाबांनी मान हलवली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पाणथळीवर गेली. डॉक्टर काठी घेऊन उभाच होता.

"मी चुकलो," तो म्हणाला. "काल मला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"वाटायलाच हवी. चप्पल सापडली?"

"नाही... शोधतोय."

"डॉक्टर, ती तुमच्या खिडकीत वाळत होती. मी पहिल्यांदा चहाला आले तेव्हाच पाहिली. तुमची आई माझ्याकडे बघून हसलीसुद्धा."

तो कानापर्यंत लाल झाला. काठी या हातातून त्या हातात गेली. "सापडली म्हणालो असतो तर तू आली नसतीस... पण तुला माहीत होतं, मग रोज का येत होतीस?"

"तू आवडतोस म्हणून," ती म्हणाली. "आणि ही जागाही. यातलं एकही सोडायचा माझा विचार नाही."

लव्हाळ्यातून वारा गेला. त्याने शर्टाच्या आतून कागदात गुंडाळलेली चप्पल काढली, वाकून तिच्या पायापाशी ठेवली. ती स्वच्छ धुतलेली होती, तुटलेला अंगठाही नव्याने शिवलेला होता.

"साहेब नवा आराखडा आणतील," तो म्हणाला. "हीच जागा पुन्हा मागतील."

"मागू देत. मॉडेल पुन्हा करता येतं, पाणीही पुन्हा ओतता येतं. करू आपण."

"आपण?"

तिने चप्पल पायात सरकवली आणि हात पुढे केला. "आपण. चल, म्हशीनंतर माझा नंबर होता ना?"