चिंचेखालचा हात

“आज उणकल तळ्यावर जायचं ठरलं होतं, कुत्र्यामागे पळायचं नव्हे!” सागर धापा टाकत ओरडला.

पण गौतमी कुठली ऐकते! शाळेमागच्या चिंचेखाली कुत्रं काहीतरी उकरत होतं. तिने त्याला हुसकावून लावलं आणि ती खड्ड्यात डोकावली. मातीने माखलेली हाडं! दंड, मनगट, पाच बोटं. शेजारी झेंडूची ताजी फुलं.

“अय्यो! लहान पोराचा हात!” सागरने किंकाळी फोडली.

त्याच्या किंकाळीने क्लार्क विठ्ठलराव धावत आले. पाठोपाठ मुख्याध्यापिका इंदुमतीबाई आल्या.

“करणी आहे ही, बाई!” फुलं पाहताच विठ्ठलराव म्हणाले. “काल संध्याकाळी बाळाप्पाला इथंच खणताना मी पाहिलं.”

बाळाप्पा म्हणजे गौतमीचा आजोबा, तिचा अज्जा, शाळेचा पहारेकरी. आवारातल्या दोन खोल्यांत ती दोघंच राहत. त्यालाही बोलावणं गेलं.

“पुरलो की मी,” अज्जा सरळ म्हणाला. “लॅबमधला कचरा टाकायला विठ्ठलरावांनीच दिलं. पोत्यात हात दिसला. जुन्या सांगाड्याचा असंल म्हटलो. माणसाचं हाड उकिरड्यावर टाकू काय? फुलं वाहून पुरलो.”

“मी रद्दी दिली होती. हाडं नाही!” विठ्ठलराव त्याच्यावर खेकसले.

इंदुमतीबाईंनी फोन काढला. “बाळाप्पा, पोलिसांना कळवावंच लागेल. चौकशी होईपर्यंत खोल्याही सोडाव्या लागतील.”

“बाई, पाचच मिनिटं द्या!” गौतमी ओरडली. तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता! तिने काटकीने हळूच माती सारली. हाडांमधून बारीक तार चमकली.

“सागर, माणसाच्या हातात तार असते का रे? आणि हे बघ, माझ्या बोटात तीन हाडं. या बोटात मोज.”

“पाच, सहा, सात... आठ! आणि अंगठा बघ केवढुसा!”

“म्हणजे हा माणसाचा हात नाहीच! हाडं तारेत ओवलीत, म्हणजे नमुना लॅबमधलाच. चल!”

दोघं सुसाट सुटले. लॅबला नवा रंग लागला होता. नमुन्यांच्या रांगेत एका काचेच्या पेटीत मात्र कबड्डीचा चषक दिमाखात उभा होता. गौतमीने तो बाहेर काढला आणि नमुन्याचं नाव शोधायला पेटी उलटी केली. लाकडी तळावर कन्नडमध्ये लिहिलेली पिवळी चिठ्ठी! “डॉल्फिनचं पिल्लू, पोहायचा पुढचा पर, कारवार,” तिने वाचलं आणि पेटी उचलून ती चिंचेकडे धावली.

चिठ्ठी पाहताच विठ्ठलरावांचा चेहरा पडला. “चषक ठेवायला पेट्या कमी पडत होत्या,” ते पुटपुटले. “न विचारता नमुना फेकला. बाई रागावतील म्हणून घाबरलो.”

“म्हणून माझ्या अज्जाला करणीवाला ठरवलंत!” गौतमीचा आवाज चिरकला. तिला कुणीही दटावलं नाही.

“पण माशाला बोटं कशी?” सागरला राहवेना.

“डॉल्फिन मासा नव्हे!” गौतमी म्हणाली. “आपल्यासारखाच पिल्लांना दूध पाजणारा प्राणी. फार फार पूर्वी त्याचा आणि आपला पूर्वज एकच होता, जमिनीवर चालणारा, पाच बोटांचा. त्याच्या वंशातले काही पाण्यात उतरले. लाखो पिढ्यांत त्यांच्या हाताचं वल्हं झालं, पण आतली बोटं राहिली. वटवाघळाच्या पंखातही हाताचीच हाडं असतात!”

“शाबास, पोरी!” इंदुमतीबाई म्हणाल्या. “मी वीस वर्षं विज्ञान शिकवते आणि बोटंसुद्धा मोजली नाहीत.” मग त्यांनी बाळाप्पापुढे हात जोडले. “चूक झाली आमची. खोल्या तुमच्याच आहेत.”

अज्जाने मान हलवली. त्याचं लक्ष हाडांकडेच होतं. “म्हणजे हा आपल्या नात्यातलाच म्हण की.”

“खूप लांबच्या, अज्जा!”

“लांबचा असला म्हणून उकिरड्यावर टाकतात काय?”

विठ्ठलराव खाली बसले आणि खिशातला रुमाल काढून एकेका बोटावरची माती पुसू लागले.